आडोसा

मी ओरडले होते, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना कळलं.

आदला दिवस शनिवार, जानेवारीतली संध्याकाळ, सात-सव्वासातची वेळ. एक संस्था सांगली जिल्ह्यात उतरलेल्या ऊसतोड टोळ्यांसाठी फोनवरून दवाखाना चालवते, तिथं मी आठवड्यातून दोनदा बसते. 'बसते' हे जुन्या सवयीनं म्हणायचं. पूर्वी दवाखान्यात बसायचे, आता पुण्यातल्या घरी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसते. दार लावून, कानात हेडफोन घालून. रुग्ण समोर असताना कुणी आत यायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद आहे. नवरा ती इतकी मनावर घेतो की गॅसवाला आला तर दाराखालून चिठ्ठी सरकवतो. रुग्णाचं बोलणं तिसऱ्या कानावर जाता कामा नये, हे आमच्या अंगात मुरलेलं असतं. त्या संध्याकाळीही मी दाराची कडी नीट लागली आहे ना ते उठून पाहिलं होतं.

आधी पडदा काळा होता. मग एक पिवळा डाग हलला, मग ताईंचा अंगठा, मग कोपीच्या, म्हणजे टोळीतल्या झोपडीच्या, तोंडाशी बसलेली एक बाई. ताई म्हणजे संस्थेच्या आरोग्यसेविका, तिथल्याच गावच्या. त्या फोन घेऊन कोप्या-कोप्यांतून फिरतात. बाईचं वय सव्वीस, असं त्यांनी आधीच भरून ठेवलं होतं. पदर कपाळापर्यंत. मागं शेळीच्या गळ्यातली घंटी वाजत होती, कुणीतरी भाकरी थापत होतं, एक पोर किरकिरत होतं. मी विचारलं, काय होतंय. "काही न्हाई." ताई म्हणाल्या, "अगं सांग की, मघाशी मला सांगितलंस ते." तेव्हा तिनं फोन तोंडाशी धरला. मला फक्त एक नाकपुडी आणि ओठांचा कोपरा दिसायला लागला. ती काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, जरा मोठ्यानं बोला. ती पुन्हा तेवढंच पुटपुटली. 'अंगावरून' एवढा एक शब्द माझ्यापर्यंत आला. आणि खराब लाइनवर माणूस जसा बोलतो तसं मी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "अंगावरून पांढरं जातंय का? खाज येते? वास येतो?"

तिकडं फोन स्पीकरवर होता.

शेळीची घंटी वाजत राहिली. भाकरी थापल्याचा आवाज मात्र थांबला. मग ती म्हणाली, "न्हाई न्हाई. कंबर दुखायलीय नुसती. गोळी द्या." मी पॅरासिटामॉल लिहिलं, कॅल्शियम लिहिलं, पुढचा रुग्ण घेतला. त्या संध्याकाळी अकरा जण झाले. अकरा झाले म्हणून मी खूशही होते.

सकाळी चहाच्या गाळण्यातून पाणी खाली पडत असताना तो थांबलेला भाकरीचा आवाज एकदम आठवला आणि पोटात कालवलं. माझ्या बाजूचं दार मी लावून घेतलं होतं. तिच्या बाजूला दारच नव्हतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

'दुखायलीय' हा शब्द मला नवा नव्हता. मी अंबाजोगाईला शिकले. आमचं मेडिकल कॉलेज १९७४ चं, ग्रामीण भागात काढलेलं, आणि आमच्या ओपीडीत बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणीकडची माणसं यायची. तिथं कुणाचं काही 'दुखत' नसे, 'दुखायलं' असे. स्त्रीरोग विभागात एक हिरवा पडदा होता, लोखंडी चौकटीला लावलेला, चाकांवरचा. त्यातलं एक चाक कायम अडकायचं. पडदा ओढला की किर्रर्र असा आवाज व्हायचा आणि त्या आवाजाबरोबर आतली बाई बदलायची. पडद्याबाहेर 'कंबर दुखायलीय' म्हणणारी पडद्याआड दोन मिनिटांत खरं काय ते सांगायची. आमच्या मोठ्या बाई आम्हा पोरींना शिकवत, की कंबर ऐकली की कंबर लिहू नका, पडदा ओढा. पडद्यापाशी एक मावशी पाठ करून उभ्या असत. त्यांचं काम काय, तर कुणी डोकावलं तर "काय लगीन लागलंय का इथं?" असं विचारायचं. त्यांच्या पगारपत्रकात हे काम कुठं नोंदलं नसेल, पण निम्मं निदान त्या मावशींचं होतं असं मला आता वाटतं.

म्हणजे 'कंबर दुखायलीय' हे त्या संध्याकाळी तिनं मला दिलेलं उत्तर नव्हतंच. ती पुन्हा पडद्याबाहेर येऊन बसली होती. आणि मी, चाळीस वर्षांपूर्वी हे शिकलेली, कंबर लिहून मोकळी झाले.

इंटर्नशिपला मी तिथल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. दसरा झाला की ऊसतोडीला जायला गावात ट्रक लागायचे. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं एकावर एक. दिवाळीच्या आसपास गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर ठेवलेली शाळेतली पोरं एवढीच उरत. ओपीडीत शुकशुकाट. मग मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, कारखाने बंद झाले, की एका आठवड्यात ओपीडी फुटायची. सहा महिन्यांची दुखणी बायका गाठोड्यात बांधून आणायच्या. तिकडं का दाखवलं नाही, असं मी एकीला विचारलं होतं. ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मी तिला चंद्रावर का गेली नाहीस असं विचारलं असावं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली ती दोघांच्या हातांवर. एकानं दिवस बुडवला की कोयता अर्धा होतो आणि खाडा दोघांच्या नावावर पडतो. दवाखाना फुकट असला तरी दिवस फुकट नसतो.

याच गाठोड्याचं पुढं काय झालं ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जे सर्वेक्षण आलं त्यात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायका होत्या आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. 'पिशवी काढली' हे त्या भागात दात काढल्यासारखं सांगतात. मला तो आकडा वाचून धक्का बसला असं म्हणणं खोटं ठरेल. मला त्या बायका आठवल्या. अंगावर पांढरं जाणं, कंबर, ओटीपोट. स्वच्छ पाणी नाही, कपडा बदलायला जागा नाही, पाळीतही डोक्यावर मोळी. वर्षानुवर्षं सांगायला तोंड नाही. शेवटी कुणीतरी सांगतं की पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल, आणि एकदाच पैसे भरून कटकट मिटवलेली बरी, असं तिलाही वाटतं. त्यात लुबाडणारे होते हे खरंच. पण लुबाडायला जागा कुठं मिळाली, तर त्या न सांगितलेल्या वर्षांमध्ये. यातल्या कित्येक दुखण्यांचा इलाज किती लहान आहे हे माहीत असलं की जास्त जिवाला लागतं. सरकारी दवाखान्यात त्यासाठी रंगांची पाकिटं असतात. अंगावरच्या पांढऱ्याचं हिरवं. त्यात दोन प्रकारच्या गोळ्या, एकदाच घ्यायच्या, फुकट.

म्हणून संस्थेनं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. तसा फोनवरच्या डॉक्टरकीवर माझा विश्वास नव्हता. आमच्या पिढीत फोनवरून औषध सांगणं हे चोरटं काम होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी करायचं आणि कबूल करायचं नाही. २०१८ मध्ये तर रत्नागिरीच्या एका प्रकरणात, जिथं फोनवरून उपचार सांगितले गेले होते, मुंबई उच्च न्यायालयानं डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला आणि आम्ही सगळेच फोन उचलताना बिचकायला लागलो. मग २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि कालपर्यंत चोरटं असलेलं काम रीतसर झालं. सरकारची ई-संजीवनी ही दूरसल्ल्याची सेवा जोरात सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्यावरचे सल्ले १० कोटींच्या पुढं गेले. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून मोठ्या डॉक्टरांशी बोलतो, हे चित्र आता खेड्यात नवलाईचं राहिलेलं नाही. पण उपकेंद्राला भिंती असतात. आणि भिंतींपर्यंत पोचायला दिवस मोडावा लागतो. आशाताईच्या वहीत तिच्या गावच्या हजारेक माणसांची नावं असतात, गावाच्या शिवारात चार महिने राहून जाणाऱ्यांची बहुधा नसतात. म्हणून आमचा फोन चालत कोपीपर्यंत जातो, याचं मला मोठं कौतुक होतं.

हात न लावता तपासायचं म्हणजे काय, हे मला ताईंनी शिकवलं. पहिल्या महिन्यात मला प्रत्येक बाई पांढरीफटक दिसायची. पापणी खाली ओढून दाखव म्हटलं की मोबाइलच्या टॉर्चमध्ये सगळ्यांच्याच पापण्या कागदासारख्या. मग मी ताईंना म्हटलं, तुमची पापणी तिच्या पापणीशेजारी धरा, म्हणजे मला तुलना करता येईल. दोन डोळे एका चौकटीत आले, आणि मला दिसलं की दोन्हींत ताईंचीच पापणी जास्त पांढरी आहे. त्यांचं हिमोग्लोबिन नऊ निघालं. त्या दिवशी सगळ्या कोप्या ताईंना हसल्या म्हणे. पोरांचा श्वास मोजायचा तर व्हिडिओ अडकतो, दोन श्वासांचा एक दिसतो. न्यूमोनिया ओळखायचं गणित साधं आहे: दोन महिन्यांच्या वरचं, वर्षाच्या आतलं बाळ मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त. पण ते ४० पुण्यात मोजून चालत नाहीत. ताई पोराचा सदरा वर करतात, स्वतः घड्याळ लावून मोठ्यानं मोजतात, आणि मी कोऱ्या पडद्याकडं बघत नुसती ऐकते. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास... तेवढ्यात मिनिट संपावं असा धावा करत.

हे सगळं जमत गेलं तशी मी सराईत झाले. आणि सराईत झाले म्हणूनच ओरडले.

फेब्रुवारीत मी तिकडं जाऊन आले. त्या बाईला भेटायचं होतं, असं कुणाला सांगितलं नाही. संस्थेला म्हटलं, एकदा तळ बघायचाय. कृष्णाकाठची काळी जमीन, चहूकडं ऊस, आणि मधल्या एका मोकळ्या तुकड्यावर तीसेक कोप्या. बांबूच्या कमानी, त्यावर चटया, त्यावर निळं प्लॅस्टिक. आत शिरायचं तर वाकून. दोन कोप्यांमध्ये हात पसरायला जागा नाही. एका कोपीत खोकलं की दुसऱ्या कोपीतलं पोर उठतं. मला हवाबदल झाल्यासारखा ऊस, माती, धूर, गूळपट वास बरा वाटला आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली. दुपारची वेळ, बहुतेक सगळे फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसात. एक आजी नातवंडं सांभाळत होत्या. ताईंना मी विचारलं, बायका अंघोळ कुठं करतात. त्यांनी चार काठ्यांना गुंडाळलेल्या एका साडीकडं बोट केलं. आत एक सपाट दगड, त्याला खाली साबणाचा पांढरा ओघळ. बाहेर कुठं जातात? ताईंनी नुसता हात फिरवला. ऊस.

माझ्या डोक्यात हे नीट बसायला थोडा वेळ लागला. डोक्यापेक्षा उंच ऊस, भिंतीसारखा दाट, हा त्यांचा एकमेव आडोसा. आणि पहाटे चारला उठून त्या दिवसभर काय करतात, तर तो आडोसा तोडतात, मोळ्या बांधतात, ट्रॉलीत भरतात. तळाभोवतीचा फड तुटेल तसा आडोसा लांब लांब जातो. हंगामाच्या सुरुवातीला पन्नास पावलांवर असतो. नंतर पाव मैलावर. रात्रीचं जायचं तर दोघी-तिघी मिळून. मग तो त्रास नको म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, आणि मग लघवीची जळजळ, आणि मग शनिवारी संध्याकाळी पुण्यातली डॉक्टर त्यांना सांगते, भरपूर पाणी प्या हं.

ती भेटली नाही. तिची टोळी आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या गटाच्या उसावर गेली होती. किती लांब, ताईंनाही सांगता येईना. तिच्या कोपीच्या जागी चुलीचे तीन दगड आणि काळी माती होती. तिला मेसेज गेला असेल ना, पुन्हा दाखवायचा, असं मी विचारलं. ताई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, नंबर मुकादमाचा टाकलाय." नोंदणी करताना ओटीपी यावा लागतो. कोपीत एक फोन, तो नवऱ्याजवळ, नवरा फडात, नाहीतर फोन शेतमालकाच्या पंपाच्या खोलीत चार्जिंगला. मुकादमाचा, म्हणजे टोळीच्या म्होरक्याचा, फोन तेवढा कायम चालू. म्हणून निम्म्या तळाची नोंदणी त्याच्या नंबरावर. मी लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी, निदानासकट, आधी त्याच्या खिशात वाजायची.

टेलिमेडिसिनच्या तत्त्वांमध्ये असं आहे की रुग्णानं स्वतःहून संपर्क केला तर संमती गृहीत धरायची. दुसऱ्या कुणी केला तर ती स्पष्ट विचारून घ्यायची. मी हे पाठ केलंय, त्यावर दोनदा बोललेही आहे. तिनं फोन केलाच नव्हता. ताईंनी केला होता, मुकादमाच्या नंबरावरून, आणि हो-नाही विचारायच्या आधीच मी सगळ्या तळाला ऐकू जाईल असं विचारून टाकलं होतं.

मुकादम मला तिथंच भेटला. मी मनात त्याच्यासाठी काही वाक्यं तयार ठेवली होती. पण तो पन्नाशीचा, वाळका, आधी स्वतःही कोयता धरलेला माणूस निघाला. खुर्ची कुठून तरी आणून पुसून दिली. चहा सांगितला. डिसेंबरात एका पोराला झटके आले तेव्हा यानंच रात्री दोनला मोटरसायकलवर मध्ये बसवून नेलं होतं, असं ताई म्हणाल्या. मी मेसेजचं विचारलं तर म्हणाला, "येत्यात की. मला इंग्रजी कुठं येतंय मॅडम. गोळीचं नाव दुकानदाराला दाखवतो." आणि मग, चहा ओतता ओतता, "फक्त उद्या कामाला येईल का न्हाई, तेवढं तुम्ही वर लिवत चला. मराठीत." मी हसले. घरी येताना गाडीत त्या हसण्याचाही राग आला. ज्याच्यावर चिडायचं तो माणूस असा समोर बशी धरून उभा राहतो, आणि माझी वाक्यं तशीच राहून जातात.

आता आम्ही काही गोष्टी बदलल्यात. ताईंना वायरचा इअरफोन दिलाय, बायकांच्या कानात घालायला. पहिल्यांदा घातला की प्रत्येक जण दचकून मागं बघते, मी मागं उभी असल्यासारखी. प्रश्न सगळे मी विचारायचे, ते तिच्या कानातच राहतात, आणि तिनं फक्त 'हं' किंवा 'न्हाई' म्हणायचं. बाजूला कुणी बसलेलं असलं तरी त्याला नुसतं हं-हं ऐकू येतं. अशा बायकांच्या चिठ्ठ्या मेसेजनं जात नाहीत, ताई हातानं लिहून गोळ्यांबरोबर पदरात देतात. काही वेळा मी निदानाच्या रकान्यात 'अशक्तपणा' असंही लिहिलंय. नोंद खरी असावी, असं मीच पोरांना शिकवत आले. त्यामुळं ते बटण दाबताना बोट अडखळतं. पण दाबते.

हं आणि न्हाई यांत सगळं मावत नाही. काही बायकांना सांगायचंच असतं, आपल्या शब्दांत, लांबलचक, सासूपासून सुरुवात करून. त्यांच्यासाठी ताईंनीच युक्ती काढली. त्या त्यांना घेऊन उभ्या उसात शिरतात. दोन-तीन सऱ्या आत. पडद्यावर मला नुसती हिरवी-पिवळी पाती दिसतात, कॅमेऱ्यावर घासत जाणारी. पाचट पायाखाली कडकड वाजतं. मग थांबतात. चेहरा दिसत नाही, नेटवर्क जेमतेम, पण आवाज असा येतो की जणू चाक अडकलेला तो हिरवा पडदा कुणीतरी किर्रर्र करून ओढलाय. ताई पाठ करून उभ्या राहतात, हे मला दिसत नाही, पण एकदा मी त्यांचा आवाज ऐकला. कुणीतरी सरीच्या तोंडाशी आलं असावं. "काय पाहिजे रं? जा तिकडं," असं त्या खेकसल्या.

मार्चच्या पहिल्या शनिवारी अशाच एकीशी बोलायचं होतं, मागच्या आठवड्यात अर्धवट राहिलेल्या. ताईंचा फोन लागला. पडद्यावर सपाट जमीन, वर आलेली बुडखी, लांबवर एक ट्रॅक्टर आणि भलंमोठं आभाळ.

"मॅडम, हितला फड काल तुटला," ताई म्हणाल्या. "ओढ्यापलीकडं अजून उभा हाय थोडा. दहा मिनिटं लागतील चालायला. फोन ठेवू नका."

मी म्हटलं, नाही ठेवत. पडदा वर-खाली हलायला लागला. दोघींच्या चपला ढेकळांवरून चालल्याचा आवाज येत होता. बाई ताईंना हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.